कचेरीपुढचा दगड

दामू, सोमवारी दुपारी तू गेलास. मंगळवारी सकाळी तुला गावात आणलं. रविवारी वाचनालयात तुझी शोकसभा झाली.

सभेत अध्यक्ष तुझ्याविषयी बोलले, आणि मग वाचनालयाच्या इमारतीविषयी बोलले. तू या इमारतीत इतकी वर्षं रोज येऊन बसलास, म्हणून इमारतीचा इतिहासही सांगावा असं त्यांच्या मनात आलं. इथे आधी मालगुजारांची कचेरी होती, मग मिरचीचं गोदाम झालं, मग वाचनालय आलं, शिवणवर्ग आला, निवडणुकीत मतदान इथेच होतं, देवीची लस इथेच टोचली जायची. त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. दगडाचा उल्लेख आला नाही. येणार कसा? ते भाषण मीच त्यांना लिहून दिलं होतं.

तुझे साहेब बोलले, छोट्या रेल्वेलाईनवरचे दोन गार्ड बोलले. कोणीतरी म्हणालं, दामोदररावांनी आयुष्यात कुणावर राग धरला नाही. मी चिटणीस म्हणून टेबलापाशी बसलो होतो आणि टेबलक्लॉथच्या काठाकडे पाहत होतो. सभा संपली. वहिनी उठल्या, जाता जाता माझ्यासमोर थांबल्या.

"भाऊजी, खाली काहून पाहून राहिले? एवढंच सांगा, दगड कधी आणता?"

मी म्हणालो, "आणू, वहिनी."

"हे 'आणू' मी यायच्या तोंडून लय वर्षं ऐकलं. मनोहर म्हणते आणू, मनोहर म्हणते आणू." त्या चिडल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजात थकवा होता, दिवसभर लोकांना सामोरं गेलेल्या माणसाचा.

म्हणून आज हे लिहायला बसलो आहे. तुला यातलं काही नवीन नाही. पण अध्यक्षांच्या भाषणात जे मी लिहिलं नाही ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं, आणि ते तुला उद्देशून लिहिलं तरच मला खोटं लिहिता येणार नाही.

कचेरी म्हणजे राहतं घर नव्हतं. मालगुजार नागपूरला राहायचे आणि वसुलीच्या दिवसांत इथे यायचे. एरवी ओट्यावरच्या खुर्चीत माझे वडील बसत. ते दिवाणजी. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो. समोर मोठं अंगण, आणि अंगणाच्या पार टोकाला, फाटकाच्या जरा आत, तो काळा चपटा दगड. तुझे वडील गावचे कोतवाल. निरोप आणायचे, दवंडी द्यायचे, पण बोलायचं ते त्या दगडावर उभं राहून. तुमच्या वस्तीतलं कोणीही आलं तरी तिथेच थांबायचं. ओट्याकडे यायचं नाही.

तो दगड माझ्या वडिलांनी टाकला होता. हे ते अभिमानाने सांगत. आधी तिथे नुसती माती होती, पावसाळ्यात चिखल व्हायचा, कोतवालाचे पाय घोट्यापर्यंत रुतायचे. वडिलांना ते बघवलं नाही. त्यांनी नदीवरून बैलगाडीत दगड आणवला. "मालकांना न विचारता टाकला मी," असं ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, "यांचा स्वभावच असा." आमच्या घरात ती दयेची गोष्ट होती. मी ती लहानपणापासून ऐकली आणि कितीतरी वर्षं मनात जपून ठेवली, दिवाळीचे कपडे जपतात तशी. कचेरीविषयी वाईट वाटलं की मी ती गोष्ट आठवायचो. बरं वाटायचं.

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. तुझ्या वडिलांचा आवाज. "कोतवालाचा आवाज म्हणजे काय! फाटकातून बोलला तर मागच्या न्हाणीत ऐकू येतं." तूसुद्धा हसून सांगायचास, बा घरात मीठ मागे तरी शेजारी उठून बसत. तुझी आई ओरडायची, मी भैरी नाही वं माय, कायले बोंबलता. आपण दोघांनी तुझ्या वडिलांची नक्कल किती वेळा केली असेल. मी जास्त चांगली करायचो.

मालगुजारी गेली आणि कचेरी मिरचीच्या व्यापाऱ्याने घेतली. भिवापूरची मिरची पोत्यांनी यायची. अंगणभर लाल वाळवण असायचं आणि गावातल्या बायका देठ तोडायला बसायच्या. तुझी आईही असायची. वडिलांना व्यापाऱ्याने हिशेबाला ठेवून घेतलं, म्हणून आम्ही मागच्या खोल्यांत राहिलो. आपली ओळख तिथली. आपण दोघं सतत शिंकत असायचो. तू मला शिकवलंस की मिरचीच्या हाताने डोळा चोळला तर रडायचं नाही, डोळा मोठा करून उभं राहायचं. दगडावर तेव्हा पोती उतरवायचे. मिरचीने सगळ्यांना एका अंगणात बसवलं होतं. त्यामुळे मला वाटायचं की ते जुनं सगळं संपलं.

छप्पन साली तुझे वडील नागपूरला जाऊन आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर. दुसऱ्या दिवशी ते अंगणातून सरळ चालत ओट्यावर आले. मी दारात होतो, तू त्यांच्या मागे होतास. माझे वडील खुर्चीतून उठले. का उठले ते त्यांनाही कळलं नसावं. म्हणाले, "काय पाहिजे कोतवाल? पाणी?"

"पाणी नोको दिवाणजी," तुझे वडील म्हणाले. "बसाले आलो."

खुर्ची एकच होती. वडिलांनी आतून बाक आणायला सांगितलं, आणि तो येईपर्यंत दोघंही उभे राहिले. मग बसले. बोलले फार नाही. पाऊस, ज्वारी, कोणाची सून बाळंत झाली. पण त्या दिवशी तुझे वडील हळू बोलले, हे मला आज आठवतं. तेव्हा मला ते आजारी वाटले होते.

मिरचीवाला नागपूरला गेला आणि आपण वाचनालय काढलं, साठ-बासष्टची गोष्ट. तू नुकताच छोट्या लाईनच्या स्टेशनवर बुकिंगला लागला होतास, मी शाळेत मराठी शिकवायला. भिंती तीनदा चुन्याने रंगवल्या तरी मिरची गेली नाही. उन्हाळ्यात तापल्या की भिंती पुन्हा झोंबायच्या. नवीन सभासद पुस्तक उघडून शिंकायचा आणि तू म्हणायचास, "पाहा, इथलं ज्ञान कसं झोंबते." ती थट्टा तू प्रत्येक नव्या सभासदाला केलीस. दुपारची गाडी गेली की तू यायचास आणि खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचायचास. त्या खिडकीतून दगड दिसायचा. माझी खुर्ची टेबलापाशी. तिथूनही दिसायचा.

आपला वाद तिथेच सुरू झाला. मी म्हणायचो, हा दगड इथून काढायला हवा, पाहिला की लाज वाटते. तू पेपरातून मान वर न करता विचारायचास, "लाज कोणाले वाटून राहिली?"

"मला."

"मंग तू डोळे फिरव. दगड काहून फिरवतं?"

एकदा मी वडिलांची चिखलाची गोष्ट तुला सांगितली. मोठ्या मनाने सांगितली. तू पेपर घडी करून ठेवलास. तो तू फार क्वचित मध्येच ठेवायचास.

"चिखल बरा होता, गा," तू म्हणालास. "चिखलात हद्द दिसत नाही. बोलता बोलता माणूस दोन पावलं पुढं सरकू शकते. बा सरकेही, तो सांगे. ओट्याच्या सावलीपर्यंत जाय कधी कधी. तुह्या बापानं दगड टाकला अन् बाची जागा पक्की झाली. उन्हाळ्यात थो दगड तव्यासारखा तापे. बा या पायावरून त्या पायावर करे, अन् लोक म्हणत, कोतवाल नाचून राहिला."

 तू पेपर पुन्हा उघडलास आणि थोड्या वेळाने म्हणालास, "दगड राहू दे. या घरात आमची म्हणून तेवढीच एक जागा होय."

मला तेव्हा हे कळलं असं वाटलं. कळलं नव्हतं. कळलं असतं तर नागपूरहून पाहुणे आले त्या दिवशी मी तसं बोललो नसतो. वाचनालयाचा वर्धापनदिन होता. पाहुण्यांनी फाटकातून येताना विचारलं, हा दगड कसला? तू माझ्या बाजूला हार घेऊन उभा होतास. मी म्हणालो, "पूर्वी इथे बैल बांधायचे."

पाहुणे पुढे गेले. तू त्यांना हार घातलास. सभेत पहिल्या रांगेत बसलास. चहा झाल्यावर खुर्च्या उचलायला मदत केलीस. तू एक शब्द बोलला नाहीस, आणि मी असं धरून चाललो की तू ऐकलं नाहीस.

पुढच्या उन्हाळ्यात सायकली ठेवायला अंगण सपाट करायचं निघालं. मी गडी लावले आणि दगड मागे निंबाखाली नेऊन टाकला. तू ड्युटीवर होतास. दुपारची गाडी गेल्यावर आलास, खुर्चीत बसलास, खिडकीतून पाहिलंस.

"कुठं नेला?"

"मागे आहे. फोडला नाही. जपून ठेवला आहे."

"हाव," तू म्हणालास. "जपून ठेवाची लय सवय आहे तुमच्या घराले."

आणि मग जे झालं ते कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आपल्याकडे झाडाखाली दगड मोकळा राहत नाही. मागच्या खोल्यांत शिवणवर्ग भरायचा. एका सकाळी दगडाच्या मधोमध शेंदराचं बोट ओढलेलं होतं. मग शेंदूर वाढला. मग तेल आलं, मग नारळ, मग मॅट्रिकच्या पोरींनी परीक्षेआधी अगरबत्त्या लावल्या. शिवणवर्गाच्या कमलाबाई दर शनिवारी तो धुऊन काढायच्या. त्यांना मी काय सांगणार होतो? सांगायला तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तुला मीच मागे घेऊन गेलो, कारण तुला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं. तू दगडाकडे पाहिलंस. शेंदूर, फुलं, नारळाची शेंडी. तुझ्या वडिलांनी नागपूरला प्रतिज्ञा घेतली होती की यापुढे कोणत्याही देवापुढे हात जोडणार नाही. आणि तू हसायला लागलास. निंबाला धरून हसलास. शिवणवर्गाच्या पोरी खिडकीत आल्या.

"अबे दिवाणजी! तुह्या बापानं माह्या बापाले याच्यावर उभं केलं, अन् तू याचा देव केला! आता पाया पडून राहिले लोक! बा असता तर म्हणला असता, मलेही एक नारळ द्या रे, म्या याले पायानं पावन केला!"

मीही हसलो. दामू, ते हसणं मी किती वर्षं माफी म्हणून वापरलं. हसला म्हणजे मिटलं, असं. तू डोळे पुसून म्हणालास, "आता मातर आण जागेवर. शेंदूर काढ अन् आण." मी म्हणालो, आणू. परीक्षा होऊ दे. परीक्षा झाल्या. मी म्हणालो, लोकांच्या भावना आहेत, दसरा होऊ दे. दसरा झाला. मग समोरच्या खोलीत सरकारी टीव्ही आला, अंगणात गर्दी होऊ लागली, मी म्हणालो या गर्दीत कुठे. काही काळाने तू विचारणं सोडलंस. आपण पेपरवर बोलायचो, गाड्यांच्या उशिरावर बोलायचो, छोटी लाईन मोठी होणार का यावर तर रोजच. तुझं न विचारणं मला सोयीचं झालं. मी त्याला समजूतदारपणा असं नाव दिलं होतं.

नागपूरला रामदासपेठेत दवाखान्यात तुला भेटायला आलो तो शेवटचा. तू पांढरी चादर छातीपर्यंत ओढून पडला होतास. मी केळी आणली होती. तू विचारलंस, गाडी वेळेवर निघाली का? मी म्हणालो, अर्धा तास उशीर. तू म्हणालास, "उमरेडले क्रॉसिंग असन." मग मी केळी उशाशी ठेवली. मी उठलो तेव्हा तू माझ्या मनगटाला धरलंस.

"मनोहर, मी त्या दिवशी हसलो ना, निंबाखाली."

"हो."

"हसाचं नव्हतं. राग आला होता मले. लय आला होता. पण तू असा उभा होता, मार खाल्लेल्या पोरासारखा. मंग मी हसलो."

 तू हात सोडलास. "जा, गाडी चुकन."

मी गेलो. गाडीत खिडकीपाशी बसून मी एकच विचार करत होतो, आणि तो तुझ्या आजाराचा नव्हता. तुझ्या वडिलांना माझ्या वडिलांचं मन सांभाळावं लागलं. तुला माझं. मी इतकी वर्षं माझी लाज तुझ्यासमोर मांडत राहिलो आणि तू ती उचलत राहिलास. दगड मी तुझ्यासाठी हलवला नव्हता. माझ्या खुर्चीतून तो दिसत होता, म्हणून हलवला.

काल बुधवारी सकाळी वहिनी आल्या. बरोबर तुझा मिलिंद आणि त्याचे दोन मित्र, पहारी घेऊन. मी निंबाखालीच होतो. पहार लागायच्या आत कमलाबाई शिवणवर्गातून धावत आल्या.

"सर! देवाले पहार लावता? काही भेव आहे की नाही?"

मी घसा साफ केला. माझी अजूनही तयारी सुरूच होती. तोवर वहिनी बोलल्या.

"बाई, थो देव नाही वं. माह्या सासऱ्याची उभं राहाची जागा होय थे. कोतवाल होते न, त्यायले ओट्यावर येऊ देत नव्हते. समोर, फाटकाजवळ होता हा. सरांनी मांगं आणला."

कमलाबाईंनी वहिनींकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग सर, इतकी वर्षं सांगितलं काहून नाही? मी दर शनिवारी याले आंघोळ घालून राहिली, अन् तुमी खिडकीतून पाहत होते."

  कमलाबाई आत गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या. त्या घासलेटची बाटली आणि चिंध्या घेऊन आल्या, पदर खोचला आणि वहिनींच्या शेजारी बसून शेंदूर पुसायला लागल्या. थर निघाले. जुन्या तेलाचा काळा, मग लाल, मग खाली दगड. एकदा कमलाबाई शिंकल्या, आणि मला वाटलं तू मागून काहीतरी बोलशील.

ओंडक्यांवरून सरकवत दगड पुढे आणला. जागा शोधावी लागली नाही. अंगण मी सपाट करून घेतलं होतं तरी तिथे जमीन बसलेली होती, दगडाच्या आकाराची. पोरांनी दगड टेकवला, तो आपोआप बसला.

वहिनी त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि ओट्याकडे पाहिलं. "भाऊजी, दिवाणजी कुठं बसत?"

मी दाखवलं.

"जा, बसा तिथं."

मी ओट्यावर गेलो. खुर्ची आणली आणि वडील बसत तिथे बसलो. वहिनी अंगणाच्या टोकाला लहान दिसत होत्या. त्यांचे ओठ हलले. मी कानाला हात लावला. त्या पुन्हा काहीतरी बोलल्या. काही ऐकू आलं नाही. मग त्या ओरडल्या, मान ताणून, गळ्याच्या शिरा दिसेपर्यंत:

"आता येते काय ऐकू?"

आलं, दामू. तुझ्या वडिलांचा आवाज मोठा नव्हता. अंतर मोठं होतं. त्या अंतरावरून बोलून बोलून तो तसा झाला, आणि मीठ मागतानाही लहान करता येईना. आमच्या घरात त्याचं कौतुक झालं आणि मी त्याची नक्कल केली. तू माझ्याबरोबर हसायचास. तुला तेव्हाही माहीत होतं का? आता विचारायला फार उशीर झाला आहे. तरी विचारतो.

वाचनालय संध्याकाळी उघडतं. तुझ्या खुर्चीत काल एक नवीन सभासद बसला होता, त्याला मी उठवलं नाही. खिडकीतून फाटक दिसतं, आणि फाटकाच्या आत दगड. पोरं सायकली त्याला वळसा घालून लावतात. कोणी विचारलं तर मी सांगतो. काल दोघांनी विचारलं. दगडाच्या मधोमध एक खाच आहे. तिच्यातला शेंदूर निघाला नाही.